एका फाटक्या बुटाचे आत्मवृत्त

दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. मराठी आमच्याकडे असायचं, पण लांबच्या पाहुण्यासारखं, आठवड्यातून चार पिरियड. नववीच्या पेपरात निबंधाला दोन पर्याय आले होते: 'माझा आवडता ऋतू' आणि 'फाटक्या बुटाचे आत्मवृत्त'. मी ऋतू घेतला. बूट काय आत्मवृत्त सांगणार, कप्पाळ!

गेल्या ऑगस्टमध्ये राजगडाच्या उतारावर एका बुटाने मला आपलं आत्मवृत्त अगदी जबडा उघडून ऐकवलं. म्हणून तो राहिलेला निबंध आज लिहायला घेतोय. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात, त्यांनीच गळ घातली आहे!

फुकट ते पौष्टिक

सेकंड इयरला आमच्या हॉस्टेलमध्ये ट्रेकचं वारं शिरलं. लोहगड, तिकोना वगैरे मी साध्या स्पोर्ट्स शूजवर मारले. तिकोन्याला चार वेळा आपटलो तेव्हा ठरवलं, बूट पाहिजेत. पण त्याच वर्षी बाबांनी लॅपटॉप घेऊन दिला होता, त्यामुळे घरी पुन्हा हात पसरायचा धीर होत नव्हता. वसईला गेलो तेव्हा आईने आठवण करून दिली, "अरे, काकाचे बूट आहेत की माळ्यावर!"

माझा काका अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. तिथे दरवर्षी १५ नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा मोसम सुरू होतो. परवाना काढून लोक रीतसर शिकारीला जातात. काका स्वतः पक्का शाकाहारी, पण ऑफिसच्या मित्रांबरोबर एकदा जंगलात जायचं म्हणून त्याने २०१६ मध्ये चांगले महागडे शिकारी बूट घेतले. एकदाच घातले. पुढच्या वर्षी भारतात आला तेव्हा बॅगेचं वजन जास्त होत होतं म्हणून ते आमच्याकडे ठेवून गेला.

मी खोकं उघडलं आणि डोळेच दिपले. घोट्याच्याही वर जाणारं जाड चामडं, पितळी हुका, खालचा सोल असा की ट्रॅक्टरचा टायर वाटावा. एकही ओरखडा नाही. अमेरिकन १० म्हणजे आपल्याकडचा ९, माझाच नंबर! वजन जरा जास्त वाटलं, पण फुकट ते पौष्टिक. हॉस्टेलमध्ये दोन दिवस मी ते बूट घालून मेसमध्येसुद्धा गेलो. माझा रूम पार्टनर मात्र त्याच्या काळ्या, बसक्या, रबरी सोलच्या स्वस्तातल्या बुटांवर खूश होता. मी त्याची चिक्कार चेष्टा केली. ती आता आठवली की कसंतरी होतं.

राजगडावर

गुंजवणे गावातून चोर दरवाजाच्या वाटेने आम्ही सात जण निघालो. पाऊस चालूच होता. पहिल्या तासातच पोटऱ्या भरून आल्या. मला वाटलं सवय नाही म्हणून. मग उजव्या पायातून 'चप चप' असा आवाज यायला लागला. पद्मावती माचीवर देवळात टेकलो आणि बूट काढून बघितला, तर पुढून सोल मगरीच्या जबड्यासारखा उघडलेला. आत बोट घातलं तर मधला थर चहात बुडवलेल्या खारीसारखा हातात आला.

दप्तराची दोरी काढून बूट बांधला आणि उतरायला लागलो. चोर दरवाजाखालचा कातळ रेलिंग धरून कसाबसा पार केला. खाली चिखलाच्या उतारावर डाव्या बुटाचा सोल पूर्ण सुटून मागे राहिला. पायाखाली उरला तो आतला गुळगुळीत पुठ्ठा. मी बसकण मारून घसरलो ते थेट खाली उभ्या असलेल्या रूम पार्टनरवर. त्याने मला अडवलं, पण अडवताना त्याचा पाय दोन दगडांमध्ये अडकून मुरगळला.

पुढचं फार लिहीत नाही. त्याला दोन बाजूंनी धरून आणि मला सॉक्सवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, चार वाजता पोचायचं ते आम्ही रात्री साडेआठला गुंजवण्यात पोचलो. वाटेत भेटलेल्या गावातल्या एका दादांनी स्वतःची काठी दिली. त्यांच्या पायात साधी प्लास्टिकची चप्पल होती आणि डोक्यावर गाठोडं. डॉक्टरांनी रूम पार्टनरला लिगामेंटची दुखापत सांगितली आणि तीन आठवडे पाय टेकू नको म्हणाले. त्याच आठवड्यात कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमचं सिलेक्शन होतं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

बुटाचं पोस्टमार्टम

माझा पहिला संशय चिकटवणीवर होता. पण चिकटवणी शाबूत होती! तुटला होता तो मधला थर. मटेरियल सायन्सच्या सरांना तो भुगा दाखवला. त्यांनी बोटांत चोळून बघितला आणि एकच शब्द म्हणाले, "हायड्रॉलिसिस."

बुटाच्या तळाचे साधारण तीन थर असतात. जमिनीला लागतो तो बाहेरचा सोल. पायाखाली असतो तो आतला सोल. आणि या दोघांमध्ये धक्के झेलणारा मऊ थर म्हणजे मिडसोल. चांगल्या, दणकट बुटांत हा मिडसोल बरेचदा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. पीयू हलका, मजबूत, पण त्याच्या काही प्रकारांत एस्टर बंध असतात आणि पाण्याची वाफ ते बंध हळूहळू तोडते. उष्णता आणि दमटपणा असेल तर हे काम जोरात चालतं. वसईचा माळा म्हणजे दोन्हींची फुल्ल सोय! बाहेरून चामडं नवं कोरं दिसतं आणि आतून सोलचा भुगा झालेला असतो.

गंमत म्हणजे वापरातला बूट यापेक्षा बरा टिकतो. चालताना मिडसोल दाबला जातो, हवा खेळते, ओल बाहेर पडते. खोक्यात बंद करून 'जपून' ठेवलेला बूट आधी मरतो. साधारणपणे पीयू मिडसोलचं आयुष्य पाच ते दहा वर्षं धरतात, मग बूट घातलेला असो वा नसो.

स्वस्त आणि हलक्या बुटांत बरेचदा ईव्हीए नावाचा फोम असतो. तो असा विरघळत नाही, पण दाबून दाबून चपटा होतो आणि मग टाचा दुखायला लागतात. म्हणजे दोष दोघांतही आहेत. फरक एवढाच की ईव्हीए आधी कुरकुर करतो आणि पीयू एकदम दगा देतो.

देश तसा वेश

समजा, काकाचे बूट अगदी ताजे असते, तरी ते आपल्या कामाचे होते का? मी त्यांचा एकेक गुण लिहून काढला आणि सह्याद्रीसमोर ठेवला.

उबदार अस्तर: अमेरिकन शिकारी थंडीत तासन् तास एका जागी बसतो, म्हणून बुटात थिन्सुलेटसारखं अस्तर असतं. काकाच्या बुटावर ८०० आकडा होता, म्हणजे दर चौरस मीटरला ८०० ग्रॅम. बर्फासाठी उत्तम. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्यात पायाची उकड होते, उकडीचे मोदक म्हणा हवं तर.

उंची: नडगीपर्यंत आलेला बूट काटेकुटे आणि ओल्या गवतापासून वाचवतो. आपल्याला घोटा झाकला तरी पुष्कळ. उंच बुटाने पाय मुरगळणारच नाही अशी गॅरंटी नसते, पण घोट्याला दगडाचे फटके बसत नाहीत आणि घसाऱ्यावरची खडी आत शिरत नाही.

वॉटरप्रूफ पडदा: १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून अतिशय बारीक छिद्रांचा पडदा तयार केला. त्यातून पाणी आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. कल्पना जबरदस्त आहे. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. आपल्या जुलैच्या हवेत आधीच पाणी ठासून भरलेलं. शिवाय आपण ओढे गुडघाभर पाण्यातून पार करतो, म्हणजे पाणी वरूनच आत येतं. आत आलं की वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही. चालतं तळं! पावसाळ्यात सह्याद्रीत हवा तो भिजणारा, पण पटकन निथळणारा आणि वाळणारा बूट. हा पडदा बुटाची किंमत बरीच वाढवतो, म्हणजे बजेटवाल्यांचे पैसे वाचले.

वजन: लॅबच्या काट्यावर काकाची जोडी २ किलो २०० ग्रॅम भरली. पायावरचं एक किलो हे पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतकं दमवतं, कारण पाय प्रत्येक पावलाला उचलायचा, पुढे न्यायचा आणि थांबवायचा असतो. माझ्या पोटऱ्या का भरल्या ते तेव्हा समजलं.

बूट वाईट नव्हते हो! मिशिगनमध्ये ते योग्यच होते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपण जंगलात जातो ते चालायला. तासन् तास बसायला केलेला बूट मी चढायला वापरला, चूक तिथे होती.

आणि एक किस्सा सांगतो, म्हणजे माझ्यासारख्या फजिती झालेल्यांना जरा धीर येईल. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात लिऑन लिऑनवुड बीन या गृहस्थाने शिकारीसाठी खालून रबर आणि वरून चामडं असा बूट काढला. पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० परत आल्या, कारण रबर आणि चामड्याची शिलाई उसवली! त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि बूट सुधारून पुन्हा विकला. तो बूट पुढे शंभर वर्षांहून जास्त चालला. म्हणजे बुटाचा वरचा भाग आणि तळ जोडणं हे पहिल्यापासूनच अवघड काम आहे.

खरा खेळ सोलचा

सह्याद्रीत पाय तीन प्रकारच्या जमिनीवर पडतो. पावसाळ्यात लाल चिखल आणि शेवाळलेला कातळ, उन्हाळ्यात भुसभुशीत घसारा. चिखलाला खोल आणि लांब लांब खाचा लागतात, म्हणजे माती अडकून बसत नाही. चार-पाच मिलिमीटर खोली पुरते. कातळावर मात्र उलटं. तिथे जास्तीत जास्त रबर दगडाला चिकटायला हवं आणि रबर मऊ हवं.

इथे फर्स्ट इयरचं फिजिक्स थोडं अपुरं पडतं. आपण शिकलो की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर हा नियम नीट पाळत नाही. मऊ रबर दगडाच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात दबून बसतं, त्याला चिकटतं आणि घसरताना स्वतः आकार बदलून ऊर्जा खातं. कडक प्लास्टिकसारखा सोल फक्त टोकांवर उभा राहतो. त्यामुळे खाचा कितीही राक्षसी असल्या, तरी मटेरियल कडक असेल तर ओल्या कातळावर बर्फावरून गेल्यासारखं होतं.

आम्ही हॉस्टेलच्या मागे याचा प्रयोग केला. बांधकामावरची कडप्प्याची एक फरशी उचलून आणली (नंतर परत ठेवली). तिच्यावर बूट ठेवायचा, बुटात दोन किलोचं वजन टाकायचं आणि फरशीचं एक टोक हळूहळू वर उचलायचं. बूट ज्या कोनाला घसरायला लागेल त्या कोनाचं टॅन म्हणजे घर्षणांक. २० अंशाला सुटला तर ०.३६, ३५ अंशाला सुटला तर ०.७०. साधं सोपं! कोरड्या फरशीवर सगळेच बरे टिकले. मग पाणी ओतलं. सगळ्यात आधी इंटरव्ह्यूचे चकचकीत बूट सुटले, त्यात नवल नाही. पण त्यांच्यानंतर लगेच सुटला एका मित्राचा जाडजूड खाचांचा, रांगडा दिसणारा, कडक सोलचा 'ट्रेकिंग' बूट. आणि सगळ्यात शेवटपर्यंत कोण टिकलं असेल? रूम पार्टनरचा तो काळा, बसका, स्वस्तातला रबरी बूट. तो बिचारा प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून कोन मोजत होता. फक्त हसला.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

सोलच्या मटेरियलची मोटामोटी उतरंड अशी आहे. पीव्हीसी सगळ्यात स्वस्त, पण कडक आणि ओल्यावर निसरडा. टीपीआर त्याहून बरा. आणि कातळासाठी सगळ्यात चांगलं व्हल्कनाइज्ड रबर. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करायची युक्ती सापडली, तेच हे. पुढे १९३५ मध्ये इटालियन आल्प्समध्ये विटाले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा साथीदार गेले. पायातले बूट त्या डोंगराला आणि हवामानाला पुरे पडले नव्हते. त्या धक्क्यातून ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी सोल बनवला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. महाग बुटांच्या तळाला 'व्हिब्रम' असं लिहिलेलं दिसतं ना, ते त्यांच्याच नावाचं छोटं रूप. १९५४ मध्ये के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियन गिर्यारोहकांच्या बुटांना हेच सोल होते.

आपल्याला एवढं महाग परवडत नाही. पण महाराष्ट्रातले जुने ट्रेकर वर्षानुवर्षं अ‍ॅक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांचं नाव का घेत आलेत आणि हिमालयात कित्येक वाटाडे नेपाळच्या गोल्डस्टार बुटांवर का चालतात, ते त्या फरशीने मला समजावलं.

एक मात्र लक्षात ठेवा, हिरव्या शेवाळावर कुठलाच सोल चालत नाही. तिथे रबर दगडाला लागतच नाही, शेवाळाला लागतं. तिथे हळू जाणं, काठी टेकणं आणि गरज पडली तर खुशाल बसून उतरणं, एवढंच हातात असतं. आणि गावातल्या दादांची चप्पल बघून आपण चप्पल घालू नये. त्यांच्या पायांना त्या वाटेचा लहानपणापासून अभ्यास आहे. आपला अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्रीचा!

एकाच जोडीत सगळं?

आपल्यापैकी अनेकांचा प्रश्न असतो, वर्कशॉपचे सेफ्टी शूज आहेतच, तेच ट्रेकला का नको? पुढे स्टीलची टोपी असते. ती २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे एक मीटरवरून पडलेलं सुमारे २० किलो वजन. लेथजवळ ही टोपी बोटं वाचवते. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला बोटं त्याच स्टीलवर आपटतात आणि नखं काळी-निळी होतात. सोल तेलावर टिकेल असा केलेला असतो, पण पायाबरोबर वाकत नाही. उलट जाळीचा ट्रेकिंग बूट घालून वर्कशॉपमध्ये उभं राहिलात, तर गरम चिप्स थेट आत. तेव्हा हे दोन बूट वेगळेच ठेवा.

पण ट्रेक, पावसाळ्यातलं कॉलेज, सायकल, इंडस्ट्रियल व्हिजिटचा प्रवास आणि गावची शेतवाट, एवढं सगळं घोट्यापर्यंतच्या, हलक्या, साध्या रंगाच्या एका जोडीत आरामात बसतं. बजेटमध्ये 'सगळीकडे चालणारा' याचा अर्थ मी एवढाच धरतो.

दुकानात गेल्यावर

१. संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि ट्रेकवर आणखी फुगतात. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो.

२. जे मोजे घालून चढणार, तेच घालून बूट ट्राय करा. दुकानातला पातळ मोजा फसवतो.

३. नाडी न बांधता पाय पूर्ण पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट शिरलं पाहिजे. मग नाडी घट्ट बांधून दुकानाच्या जिन्यावरून उतरा. बोटं पुढे आपटली तर नंबर बदला. चढताना टाच उचलली जात असेल तरी बदला.

४. सोलवर अंगठ्याचं नख दाबा. किंचित रुतून परत वर आलं तर ठीक. काचेवर दाबल्यासारखं वाटलं तर ठेवून द्या.

५. बूट दोन्ही हातांनी वाकवा. बोटं जिथे वाकतात तिथेच वाकला पाहिजे, मधोमध नाही. मग पिळून बघा. ओल्या टॉवेलसारखा पिळला गेला तर दगडांवर पाय थकणार.

६. खोक्यावर एमआरपीजवळ उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचा. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ५० टक्के सवलत कधी कधी तीन-चार वर्षं गोडाऊनमध्ये पडून असलेल्या मालावर असते. जुन्या बाजारात घेणार असाल तर मिडसोल अंगठ्याने जोरात दाबा. भेगा, चिकटपणा किंवा भुगा दिसला तर फुकटसुद्धा नको.

७. रंग आणि कंपनीचं नाव शेवटी बघा.

माझे २,२०० रुपये

मेसचं रिफंड आणि ज्युनियर्सना ड्रॉइंगची शिकवणी, असे मिळून २,२०० रुपये जमले होते. पूर्वी मी सगळेच बुटात घातले असते. आता असे वाटले: बूट १,४५०. सिंथेटिक मोज्यांच्या दोन जोड्या ३००, कारण कॉटनचा मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीला घासून फोड येतात. आत टाकायला बरा इनसोल २५०. आणि १५० रुपयांत स्टेशनजवळच्या मोचीकाकांकडून नव्या कोऱ्या बुटाच्या सोलला चौफेर शिलाई. ते म्हणाले, "नवा आहे की!" मी म्हटलं, "काका, म्हणूनच." आपल्या बजेटमधले बूट बहुतेक वेळा नुसते चिकटवलेले असतात. शिलाई मारली की चिकटवणीने दगा दिला तरी सोल मागे राहत नाही. (मिडसोलचाच भुगा झाला तर मात्र शिलाई काही करू शकत नाही.) हिशेब झाला २,१५०. उरलेल्या पन्नासात दोन वडापाव आणि एक कटिंग.

बाबांचं आवडतं वाक्य आहे, 'महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार.' काकाचा बूट महागच होता आणि मी एकदाच रडलो, म्हणजे वाक्य खरं निघालं म्हणायचं! पण माझ्याबरोबर दुसऱ्यालाही रडवलं, ते त्या वाक्यात येत नाही.

थोडी काळजी

ट्रेकहून आल्यावर चिखल लगेच धुवा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. सावलीत, पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलेत तर चिकटवणी मऊ पडते आणि चामडं तडकतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकू नका, अधूनमधून घालून फिरा. नवे बूट ट्रेकच्या आधी किमान दोन आठवडे कॉलेजला घाला. बॅगेत तीन फूट नायलॉनची दोरी आणि एक चिकटपट्टी नेहमी असू द्या. आणि रोज दात घासताना एकेका पायावर उभं राहायचा सराव करा. घोट्याची खरी ताकद चामड्यात नाही, स्नायूंत असते. हे मला फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं. मी रूम पार्टनरला तिथे न्यायला जायचो तेव्हा.

मित्रांनो, हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की बूट आपला, पैसे आपले, पण दोरी सगळ्यांची एकच असते. माझ्या फुकटच्या बुटांची किंमत माझ्या मित्राने भरली आणि तीही न बोलता. ट्रेकला निघण्याच्या आदल्या रात्री फक्त पाच मिनिटं काढा, बूट उलटा करा आणि अंगठ्याने दाबून बघा. माळ्यावर कुणाचे 'जपून ठेवलेले' बूट असतील तर तेही.

डिसेंबरमध्ये आम्ही सातही जण पुन्हा राजगडाला गेलो. गुंजवण्यात उतरल्यावर रूम पार्टनर म्हणाला, "पाय वर कर." मी केला. त्याने माझ्या सोलवर नख दाबलं, शिलाई ओढून बघितली आणि म्हणाला, "चल. पण आज तू माझ्या खाली उतरायचं."